पान्यावरची साय

१

गाल्सानसाहेब गेले ते हिवाळ्यातला पहिला बोल्ट आवळताना.

दरवर्षी तो बोल्ट तेच आवळायचे. कडाक्याची थंडी पडली की पवनचक्क्यांच्या पायथ्याचे बोल्ट सैल झालेत का ते पाहावं लागतं, आणि त्या कामाचा मुहूर्त साहेबांच्या हातचा असायचा. आधी स्वयंपाकीण दुलमा लाकडी चमच्यानं आभाळाला दूध शिंपडायची. मग साहेब तेलाच्या दाबावर चालणारा टॉर्क पाना धरून फोटोला उभे राहायचे, एक बोल्ट आवळायचे आणि गरम खोलीत परत जायचे. उरलेले शेकडो बोल्ट, बोटं बधिर होईपर्यंत, इतरांचे.

मी त्या तळावरचा डॉक्टर, सांबू. शिकून पुरता डॉक्टर झालेलो नाही. पण गोबी वाळवंटातल्या त्या डोंगरधारेवर जो ताप उतरवतो त्याला लोक डॉक्टर म्हणतात.

त्या सकाळी मी पुरेवकाकांच्या कंटेनरमध्ये चहा पीत होतो. पुरेवकाका म्हणजे हत्यारांचे राखणदार. त्यांच्या कंटेनरमध्ये रात्रंदिवस शेगडी चालू असायची, माणसांसाठी नव्हे, पान्यांसाठी. वायरलेस खरखरला आणि फिटर तुमूरचा आवाज आला, फाटलेला.

"पाना फुटला! माणूस पडलाय! डॉक्टरला पाठवा, लवकर!"

काकांच्या हातातली वाटी खाली पडली. त्यांनी माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी तिथं निळं झालं.

"दुलमा कुठाय? ती आत होती का? विचार त्याला, ती आत होती का?"

"तुमूर, कुणाला लागलंय?" मी ओरडलो.

"साहेबांना!"

काका मटकन स्टुलावर बसले. मला वाटलं, म्हातारा घाबरला.

मी पोचलो तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मनोऱ्याच्या आत, पायथ्याच्या बोल्टांच्या रांगेपाशी साहेब उताणे पडले होते. पान्याचा पोलादी तुकडा गळ्यात घुसला होता. तुमूर पंपामागे भिंतीला टेकून बसला होता. दुलमा दुधाची किटली घेऊन उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"बघा, डॉक्टर," ती म्हणाली, "एर्खेमला लागलं होतं तिथंच लागलंय."

२

एर्खेम तिचा नवरा, तिच्या लहान मुलीचा बाप. तीन हिवाळ्यांपूर्वी तोही असाच, ह्याच धारेवर, फुटलेल्या पान्यानं मेला होता. चौकशी गाल्सानसाहेबांनीच केली. निकाल असा की एर्खेमनं नळी जोडायचं कपलिंग नीट आवळलं नाही, निष्काळजीपणाची किंमत मोजली. त्याला फूल वाहायलासुद्धा कंपनीचं कुणी गेलं नाही.

दुपारी कॅप्टन ओयुना आल्या. प्रांताच्या ठाण्यातून एकट्याच, स्वतः गाडी हाकत. बुटक्या बाई, मेंढीच्या कातड्याचा डगला, जाड भिंगांचा चष्मा. मनोऱ्याच्या दारातून आत पाऊल टाकलं तशी भिंगं पांढरी झाली, आणि त्या आंधळ्यासारख्या जागीच उभ्या राहिल्या.

"थांबा जरा. नवरा पहिल्यांदा भेटला तेव्हाही असंच झालं होतं. नीट दिसला असता तर लग्नच केलं नसतं."

कुणी हसलं नाही. त्यांनी चष्मा पुसला, प्रेताकडे बराच वेळ पाहिलं, मग पान्याकडे.

"थंडीनं फुटला?"

"थंडीत काय होत नाही, कॅप्टन," तुमूर म्हणाला. "रबराच्या चकत्या दगड होतात. तेल दह्यासारखं घट्ट होतं. म्हणून तर पाना उबेत ठेवायचा, उबेतच न्यायचा, आणि कामाआधी मोकळा फिरवून घ्यायचा. पुरेवकाका आमच्याकडून घोकून घेतात."

"मग आज कुठं चुकलं?"

"कुठंच नाही! सकाळी काकांनी साहेबांच्या देखत पाना मोकळा फिरवून दाखवला. लोण्यासारखा चालला. इथं आल्यावर मी म्हटलं, साहेब, नटावर चढवायच्या आधी कमी दाबावर पुन्हा एकदा फिरवू. नियमच आहे तसा. तर म्हणाले, सकाळी झालंय ना, तुझ्या काकानं पूजा केलीय ना, मग? आणि बटण दाबलं."

"हा चालतो कसा? मला पोलिसाला कळेल असं सांग."

"दोन नळ्या असतात. एकीतून पंपाचं तेल येतं आणि आतल्या दट्ट्याला पुढं ढकलतं, त्यानं नट फिरतो. दट्ट्यापुढचं तेल दुसऱ्या नळीनं परत जातं. कपलिंग अर्धवट बसून असो की आत काही अडकून, परतीची वाट तुंबली की ते तेल कुठं जाणार? दाब वाढत वाढत जातो आणि लोखंड फाडतो."

कॅप्टननी पाना हातमोज्यानं उलटा केला. परतीच्या तोंडातून काहीतरी टपकलं. त्यांनी दुसऱ्या तोंडात काडी घालून पाहिली; तिथं नितळ तेल. परतीच्या तोंडात मात्र पांढरट, गढूळ.

"तुंबली होती तर," त्या हळूच म्हणाल्या. "कुणीतरी काहीतरी ओतलंय, आणि तेही फक्त ह्याच तोंडात. थंडीला एवढी निवड करता येत नाही."

दारात गोळा झालेल्या कामगारांतून कुणीतरी पुटपुटलं, "दूध."

सगळ्यांच्या माना दुलमाच्या किटलीकडे वळल्या.

३

जबान्या माझ्या दवाखान्यात झाल्या, कारण तिथली शेगडी बरी चालायची. मला त्यांनी बसवून घेतलं. "तुम्ही सगळ्यांना ओळखता. मी चुकले की खोका."

दुलमा आली. बसली नाही.

"नवऱ्याला ज्यानं दोषी ठरवलं त्याच्याच तळावर स्वयंपाकाला आलीस. का?"

"त्याला रोज बघायला."

"आणि वाढायला."

"हो, वाढायलाही. रोज कढईत डाव फिरवताना वाटायचं, विष घालावं. मग वाटायचं, नको. झोपेत गेला तर लोक रडतील, चांगला होता म्हणतील. ह्या माणसानं जितंजागतं उभं राहायला हवं, चारचौघांत, आणि म्हणायला हवं की एर्खेमची चूक नव्हती, माझी होती."

"म्हणजे आज तू खूश."

दुलमानं त्यांच्याकडे असं पाहिलं की मीच मान खाली घातली. "मी तुम्हाला खूश दिसते का, बाई?"

कॅप्टननी विषय बदलला. "पाना तुमच्याबरोबर कसा आला?"

"पेटीत. पंप तर कालपासून मनोऱ्यातच होता, हीटरपाशी. पेटी गाडीच्या आत, माझ्या पायाशी. उघड्या हौद्यात ठेवली तर काका जीव घेतील. दूध हिंदकळू नये म्हणून किटली मी पेटीवर धरून बसले होते. पुढं साहेब आणि तुमूर."

"वाटेत पेटी कुणी उघडली?"

"कुणी नाही. मनोऱ्यात साहेबांनी स्वतः उघडली. पाना हीटरजवळ ठेवला आणि फोटोसाठी केस विंचरत बसले." तिचे ओठ वाकडे झाले. "तेवढ्यात मी बघितलं तर पान्यावर पांढरी साय धरलेली. म्हटलं, मेलं माझंच दूध सांडलं. शिव्या नकोत म्हणून बाहीनं पुसून टाकली."

"दूध शिंपडायला तू मनोऱ्यात जातेस?"

"छे, दरवर्षी बाहेरच. यंदा वारा असा की शिंपडलेलं माझ्याच तोंडावर आलं. पापण्या गोठल्या. म्हणून आत गेले."

तुमूर आला तो टोपी पिळत.

"तू काहीतरी लपवतोयस," कॅप्टन म्हणाल्या. "बोल. इथं डॉक्टर आहे, चक्कर आली तर बघेल."

तो एकदम बोलू लागला. "एर्खेम मेला तेव्हा मी शेजारी होतो. त्या हिवाळ्यात पाने उघड्या शेडमध्ये पडलेले असायचे. काम उरकायची घाई, म्हणून साहेब म्हणाले, गरमबिरम काही करायचं नाही, मोकळं फिरवायचं नाही, लावा थेट. एर्खेम नको म्हणत होता. साहेब म्हणाले, भीती वाटत असेल तर बायकोच्या डगल्यात जाऊन बस. म्हणून त्यानं लावला. आणि मी… चौकशीत मी गप्प बसलो. गेल्या आठवड्यात दुलमावहिनीला शब्द दिला, कोर्टात सगळं सांगेन. वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याशी हसून बोलली. मग मी साहेबांना कशाला मारू? आणि ती तरी कशाला मारेल? मेलेल्याला पिंजऱ्यात कसं उभं करायचं?"

तो गेल्यावर कॅप्टननी वही मिटली.

"खोटं वाटलं?" मी विचारलं.

"खरं वाटलं. तेच वाईट. कारण वरून फोन आलाय, बाईला घेऊन या म्हणून. दूध, नवरा, सूड. सगळं कसं ताटात वाढून ठेवलंय."

४

पुरेवकाकांनी कॅप्टनना आपल्या कंटेनरमध्ये बसवून घेतलं, रिवाजाप्रमाणे तपकिरीची दगडी डबी पुढं केली. कॅप्टननी दोन्ही हातांनी घेतली, हुंगली, परत दिली. 

"पाना चांगला होता?"

"पोरासारखा सांभाळलेला," काका म्हणाले. "तुम्हाला सांगतो, थंडीत हत्याराला दोन शत्रू. एक गारठा, आणि दुसरा गारठ्यातून उबेत आणणं. उबेत आणलं की त्याला घाम फुटतो. तो घाम आत राहिला आणि हत्यार पुन्हा बाहेर गेलं की आत बर्फ. म्हणून माझा पाना उबेतून हलत नाही."

"मग आज?"

"आज काय झालं ते मला काय ठाऊक. मी इथंच होतो, ह्या डॉक्टरबरोबर." दुलमाला ते नेहमी सूनबाई म्हणायचे. पुढं म्हणाले, "सूनबाईला सोडा, कॅप्टन. तिचा ह्यात काही संबंध नाही. तिला कपलिंग कुठलं आणि नळी कुठली तेही कळत नाही."

"इथं येण्याआधी तुम्ही कुठं होता?"

"एर्देनेत शहरात. तांब्याच्या खाणीच्या वर्कशॉपात, उभा जन्म."

"शहरातली उबदार घरं, बंद वर्कशॉप. आणि ह्या वयात गोबीत?"

"माणसाला कधी कधी वारा हवासा वाटतो," काका म्हणाले.

बाहेर आलो तेव्हा ऊन होतं, पण नुसतं दिसायला. स्वयंपाकघराबाहेर कामगार जमले होते. दुलमा आपली गाठोडी बांधून दारात उभी होती. तिला कुणीतरी सांगून टाकलं होतं की तुला नेणार.

"चला," ती म्हणाली. "पण भट्टीवर मटणाचं पातेलं आहे, कुणीतरी उतरवा."

"आधी चहा दे," कॅप्टन म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात शिरल्या. मी मागोमाग. आत वाफेची नुसती गर्दी. त्यांचा चष्मा पुन्हा पांढराफटक झाला. चष्मा काढायला त्यांनी हात वर नेला आणि तो हात तसाच हवेत थांबला.

"डॉक्टर, माझ्या चष्म्यावर काय आहे?"

"दव. बाहेरून आत आलात ना."

"आतून बाहेर जाताना का नाही धरत?"

"चष्मा गार असला तरच धरणार. उबदार चष्म्यावर कसं…"



"पाना उबदार कंटेनरमधून निघाला," कॅप्टन सावकाश म्हणाल्या. "बंद पेटीतून, उबदार गाडीतून आला. उबेत उघडला. मग त्याच्यावर साय कुठली, डॉक्टर? ते दूध नव्हतंच. ते दव होतं, धरल्याबरोबर गोठलेलं. जो पाना मनोऱ्यात आला तो रात्रभर बाहेर गोठत पडलेला होता."

"म्हणजे सकाळी फिरवून दाखवला तो…"

"तो दुसराच."

५

तळावर त्या जातीचे दोनच पाने धड होते. तुमूरनं सांगितलं, जोडीतला जुना उघड्या शेडमध्ये फळीवर असतो, अडीअडचणीला. आम्ही शेडमध्ये गेलो. फळीवर सगळीकडे बारीक वाळू आणि बर्फाचा भुगा साचलेला, फक्त एका जागी पान्याच्या आकाराएवढं लाकूड उघडं. पाना नव्हता.

"परतीच्या तोंडात पाणी घालून उभा ठेवायला ह्याच्याहून चांगली जागा कुठली," कॅप्टन म्हणाल्या. "आणि तेलात पाणी घुसळलं गेलं की ते दुधासारखं दिसतं. आमच्या जीपच्या इंजिनात एकदा झालं होतं, मेकॅनिकनं माझेच कान उपटले होते."

"पण पेटीत घातला कुणी?"

"तुम्ही सांगा. पेटी कंटेनरमधून गाडीपर्यंत कुणी नेली?"

"तुमूरनं. साहेब शेजारून चालत होते, नेहमीसारखे ओरडत. सगळ्यांनी पाहिलं."

"गाडीत बाईच्या पायाशी, वर किटली. मनोऱ्यात साहेबांनी उघडली. मग अदलाबदल व्हायला जागा कुठली उरते?"

"काकांचा कंटेनर," मी म्हणालो. 

शेडमागे दगडांची छोटी रास आहे, एर्खेमच्या नावाची. दुलमानंच रचलेली. वर पत्र्याची पाटी: न्यामाचा एर्खेम. कॅप्टन तिथं थबकल्या.

"नावाआधी बापाचं नाव असतं ना? हे तर आईचं."

"त्याला बाप नव्हता," मी म्हणालो. "न्यामाबाई एर्देनेतला गालिच्यांच्या कारखान्यात होत्या. एकटीनंच वाढवला."

"बाप सगळ्यांना असतो, डॉक्टर. काहींना फक्त त्याचं नाव नसतं." त्या माझ्याकडे वळल्या. "सकाळी वायरलेसवर तुमूरनं फक्त एवढंच सांगितलं ना, माणूस पडलाय? मग तुम्ही दोघांनी पहिल्यांदा काय विचारलं?"

मी विचारलं होतं, कुणाला लागलंय. आणि काकांनी?

दुलमा कुठाय. ती आत होती का.

आत काहीतरी होणार हे ज्याला ठाऊक होतं, तोच असं विचारतो. आणि सूनबाई ही हाक. आम्ही सगळे समजत होतो की म्हाताऱ्याची ती बोलायची तऱ्हा.

६

पुरेवकाका शेगडीपाशी बसले होते. आम्हाला पाहून उठले नाहीत.

"सकाळचा पाना द्या, काका," कॅप्टन म्हणाल्या. "फेकला नसणार तुम्ही."

काकांनी खाटेखाली हात घातला. लोकरीच्या कापडात गुंडाळलेला पाना काढून मांडीवर ठेवला. "इथंच पलीकडे दरी आहे. तिकडे टाकला असता तर तुम्हाला पुरावा मिळाला नसता. पण चांगलं हत्यार फेकून द्यायला हात धजला नाही."

"एर्खेम तुमचा मुलगा."

"न्यामाचा," काका म्हणाले. "मी तिला सोडून आलो तेव्हा तो पोटात होता. मग तो मोठा झाला, फिटर झाला, ते मला लोकांकडून कळायचं. ठरवत होतो, एकदा भेटू, एकदा सांगू. ठरवत होतो तोवर तो मेला, आणि मेला तो मूर्ख म्हणून. मी इथं आलो ते त्याचा फुटका पाना बघायला. शेडमध्येच पडला होता. कपलिंगचे आटे बघितले, डॉक्टर. शेवटपर्यंत बसलेले, एक ओरखडा नाही. माझ्या पोरानं कपलिंग नीट आवळलं होतं. त्या पान्यात बर्फ होता, कारण साहेबानं त्याला ना उबेत ठेवू दिलं, ना मोकळं फिरवू दिलं. आणि वर लिहिलं, निष्काळजी."

"म्हणून बर्फ घातलात."

"त्यानं माझ्या पोराला जे दिलं तेच परत दिलं. एक थेंब जास्त नाही." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आणि मी त्याला संधी दिली होती, कॅप्टन! जो नियम माझ्या पोराला पाळू दिला नाही तो एक नियम पाळला असता, लांब उभं राहून कमी दाबावर एकदा मोकळा फिरवला असता, तर पाना हलला नसता, त्याला कळलं असतं, वाचला असता. मी त्याला मारलं नाही. त्याच्या स्वभावानं मारलं. मला फक्त त्याचा स्वभाव माहीत होता."

"सकाळी सगळ्यांसमोर फिरवून दाखवलात ते त्यासाठीच. त्यानं म्हणावं, झालंय ना आता."

काकांनी पान्यावरचं लोकरीचं कापड सारखं केलं.

"आणि तुमूर? तो शेजारी उभा होता."

"तुमूर पंपामागे उभा राहतो. शिकवलंय मी त्याला."

"आणि मी?"

दारात दुलमा उभी होती. कधी आली आम्हाला कळलं नाही. डोक्यावर रुमाल नाही, हातात डाव तसाच.

काका उभे राहिले. हातातला पाना खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. "तू बाहेर असतेस. दरवर्षी तू बाहेर असतेस, सूनबाई."

"तसं म्हणू नका मला." ती पुढं आली. "बाप होतात ना त्याचे? लग्नात त्याच्या बाजूनं बसायला कुणी नव्हतं. शेजाऱ्याला बसवलं. तेव्हा कुठं होतात? दोन वर्षं माझ्या हातचं खाल्लंत, एकदा तरी सांगायचं. मी तुमच्या पाया पडले असते. आपण दोघांनी मिळून त्याला फरफटत कोर्टात नेलं असतं."

"कोर्ट!" काका म्हणाले. "कोर्टानं काय केलं असतं त्याला?"

"त्याला बोलायला लावलं असतं! तुमूर तयार झाला होता. दोन वर्षं मी त्या तुमूरला वाढत होते, त्याच्या आईला औषध पाठवत होते, एकेक शब्द काढून घेत होते. गेल्या आठवड्यात तो हो म्हणाला. आणि तुम्ही आज त्या माणसाला साहेबासारखं मारलंत. काम करता करता मेला, म्हणतील. झेंडा ठेवतील त्याच्यावर. माझा नवरा निष्काळजी तो निष्काळजीच." तिचा आवाज फुटला. "तुम्ही सूड घेतला नाहीत, काका. तुम्ही माझा सूड चोरलात."

 कॅप्टननी खून उघडा पाडला तेव्हा म्हातारा ताठ होता. आता तो खाटेवर बसला आणि पाना मांडीवर घेऊन ढसाढसा रडू लागला. दुलमा तशीच उभी राहून बघत राहिली. तिनं त्यांना हातही लावला नाही, आणि निघूनही गेली नाही.

७

कॅप्टननी त्यांना बेड्या घातल्या नाहीत. गाडीत बसताना एवढंच म्हणाल्या, "काका, तुम्हाला दोन रस्ते आहेत. गुन्हा कबूल करून गप्प बसलात तर अर्ध्या दिवसात खटला संपेल आणि कंपनी सुटकेचा निःश्वास सोडेल. किंवा कोर्ट विचारेल का मारलंत, तेव्हा पहिल्यापासून सगळं सांगा. मग तुमूरला बोलवावं लागेल. एर्खेमचा फुटका पाना आणावा लागेल. गाल्सान पिंजऱ्यात येणार नाही, पण त्याचं नाव येईल."

"त्यानं मला शिक्षा कमी होईल?"

"वाढेल. बेत करून केलात, हे तुमच्याच तोंडून सिद्ध होईल."

काकांनी खिडकीतून दुलमाकडे पाहिलं. ती पाहत नव्हती. "मग तसंच करू," ते म्हणाले.

प्रांताच्या कोर्टात खटला महिनाभर चालला. मीही साक्षीला होतो. पुरेवकाका रोज उभं राहून बोलले, वकिलानं गप्प बसा म्हटलं तरी बोलले: घट्ट झालेलं तेल, उघडी शेड, कपलिंगचे आटे, साहेबाचा हुकूम. तुमूर घाबरत आला, पण आला. एका सकाळी न्यायाधीशांनी एर्खेमचा फुटका पाना टेबलावर घेतला, आटे बोटांनी चाचपले आणि जुनी चौकशी रद्द ठरवली. निष्काळजी हा शब्द खोडला गेला. कंपनीचे लोक खाली बघत होते.

काकांना जन्मठेप झाली. त्यांनी ती चहाच्या वाटीसारखी दोन्ही हातांनी घेतली.

दुलमा महिनाभर पहिल्या बाकावर बसून होती. एकदाही त्यांच्याशी बोलली नाही. निकालानंतर पायऱ्यांवर मी तिला गाठलं. वारा गालांवर सुया टोचत होता.

"आता तरी भेटून ये," मी म्हटलं. "म्हातारा आहे. पुढचा हिवाळा बघेल की नाही कोण जाणे."

"नाही," ती म्हणाली. "त्यांनी माझ्या नवऱ्याचं नाव परत आणलं, ते मी मान्य करते. पण मी त्या मनोऱ्यात होते, डॉक्टर. एक पाऊल पुढं असते तर माझी पोर दोन्हीकडून पोरकी झाली असती. त्यांनी ते बघितलं नाही. गाल्साननंही बघितलं नव्हतं."

ती पायऱ्या उतरू लागली, मग वळली.

"मुलगी अजून लहान आहे. मोठी झाली की तिला सगळं सांगेन, त्यांचं नावही सांगेन. आजोबांना भेटायचं की नाही, ते तिचं ती ठरवील. तोवर त्यांना म्हणावं, जगा."

मी तसाच मागं फिरलो आणि तुरुंगाच्या गाडीपाशी जाऊन तो निरोप दिला. पुरेवकाकांनी तो दोनदा सांगायला लावला.